हाताला चव

४ नोव्हेंबर

आजपासून मी खानावळवाली. सकाळी ह्यांनी दारावर पाटी ठोकली: 'घरगुती खानावळ, महिन्याच्या बोलीवर.' ठोकताना खिळा वाकला, तशा खुर्चीतून आत्याबाई म्हणाल्या, "बघ गो रोहिणी, खिळ्यालापण पटत नाय."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, ठमाबाई. खिळ्याला नव्हे, त्यांनाच पटलेलं नाही. लग्न होऊन मी रोह्याला आले त्या दिवशी माझ्या हातची आमटी चाखून त्या जे म्हणाल्या, ते आजतागायत बदललेलं नाही. "सगळं हाय, पन हाताला चव नाय." भाकरी फुगते, मासा मोडत नाही, भात मोकळा होतो; पण हाताला चव नाही. आता ती आणायची कुठून? पेणला पोहे मिळतात, पापड मिळतात, गणपती मिळतात. माझं माहेरच पेणचं, सगळी दुकानं पालथी घातलेली. हाताची चव कुठे विकायला नाही.

लेक सुरभी शिकायला पेणला गेली, ह्यांची कंपनीत शिफ्ट, घर दिवसभर रिकामं वाटतं. म्हणून खानावळ काढली असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण फक्त इथे लिहिते. मला परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय की माझ्या हाताला चव आहे. नसेल तर नाही म्हणा, पण एकदा निकाल लागू दे.

गिऱ्हाईक तीन. तिघंही धाटावला वेगवेगळ्या कंपन्यांत, मागच्या चाळीत एकाच खोलीत राहतात. साईराज लातूरकडचा, उंच आणि लाजरा. अक्षय महाडचा, त्याचं तोंड बंद होत नाही. प्रविण पेणच्या खाडीकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला, त्याचं तोंड उघडत नाही.

९ नोव्हेंबर

निकाल नाही. तिघंही खाली मान घालून जेवतात, ताट उचलून ठेवतात, "येतो काकू" म्हणतात आणि जातात. आज धीर करून विचारलं, "कसं झालंय रे बांगड्याचं कालवण?" साईराज म्हणाला, "छान." अक्षय म्हणाला, "एक नंबर." प्रविणने मान हलवली.

ही काय उत्तरं झाली? नळाला पाणी आलं तरी अक्षय एक नंबर म्हणतो.

आत्याबाईंनी मात्र न विचारता निकाल दिला. "कोकम घाईनं टाकलंस गो. मासा आंबट झाला नि रस्सा तसाच राहिला." एवढं बोलून आणखी एक तुकडी घेतली. टाकून कशाला द्यायची, म्हणून.

१७ नोव्हेंबर

अक्षय आज दारात घुटमळत होता. "काकू, वायफाय घेणार का? आमच्या खोलीवर रेंजच नाय." मी म्हटलं, इथे जेवायला येता की रेंज खायला? पण हे त्याच्या बाजूने. "अगो, बाजारपेठेतल्या मेसवाल्याने मोठा टीव्ही लावलाय. पोरं टिकवायची तर काय तरी द्यायला पायजे." ह्यांना स्वतःलाच आडवं पडून क्रिकेट बघायचंय, मला का कळत नाही? नाव पोरांचं, सोय ह्यांची.

उद्या वायफायवाला येतोय.

२१ नोव्हेंबर

आज घरात हलकल्लोळ. पोरं जेवणाच्या तासभर आधीच आली, पडवीत भिंतीला टेकून बसली आणि तिघांनी फोन आडवे धरले. मी भाकऱ्या थापत होते. इतक्यात अक्षय ओरडला, "मागून येतोय, मागून!" मी दचकून मागे वळले. मागे मांजर.

मग साईराज, ज्याचा आवाज मी दोन आठवड्यांत धड ऐकला नव्हता, तो किंचाळला, "मेलो! मेलो! अक्षय, उचल मला, उचल!"

नळापर्यंत जायला ज्यांचे गुडघे दुखतात, त्या आत्याबाई एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात फोडलेला कांदा घेऊन धावल्या. तांब्या पोराच्या तोंडावर रिकामा केला, कांदा नाकाला लावला. साईराज ओलाचिंब. म्हणाला, "आजी, गेममध्ये मेलोय. खरा नाही."

"गेममधी का व्हयना, जेवायच्या टायमाला मरायचं कशाला?" आत्याबाई म्हणाल्या आणि कांदा माझ्याकडे दिला, भाजीत घाल म्हणून.

पण खरी बातमी पुढेच. मॅच हरून तिघं तशीच लालबुंद होऊन ताटावर बसली आणि भाकऱ्यांची चवड दिसता दिसता तळाला गेली. भात संपला. मी पुन्हा भात टाकला, तोही संपला. आमटीचं पातेलं साईराजने तिरकं करून निपटलं. कोणी अवाक्षर बोललं नाही. बोलायला तोंड रिकामं कुठे होतं?

२८ नोव्हेंबर

लिहायला हात शिवशिवतोय. सलग आठवडाभर पातेली धुतल्यासारखी स्वच्छ येतायत. आज दुधी होता. दुधी! मुद्दामच केला होता, परीक्षा बघायला. जगात दुधी कोणी मागून घेतं का? अक्षयने दोनदा घेतला, फोनमधल्या कोणाला तरी शिव्या देत.

शेजारची हौसा येऊन बघून गेली. "काय गो खातात तुझी पोरं! माझ्याकडं पाव्हणेपण एवढं खात नाय." मी म्हटलं, "मसाला पेणचा, हात आपला." आत्याबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं. म्हणाल्या, "पी हळद नि हो गोरी असं नसतंय गो. इतकी वर्सं नव्हती ती चव आठ दिसांत कुठनं आली?" मी म्हटलं, "पातेलंच बघा ना." तर म्हणतात, "पातेलं नको बघू. पोरांची तोंडं बघ. जेवत नायत ती, गिळतात."

जळतात, दुसरं काय. मी हे म्हटलं नाही, पण आज चहात त्यांना आवडतं तसं आलं घातलं. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं.

५ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. कांदा नाही, लसूण नाही, पडवळाची भाजी. तीही संपली! नवं मोठं पातेलं आणलं.

जेवताना साईराजच्या शर्टाचं पोटावरचं बटण तुटून आमटीच्या वाटीत पडलं. पोरगं ओशाळलं. मला मात्र भरून आलं. आला तेव्हा काठीसारखा होता, आता अन्न अंगी लागतंय. बटण धुऊन मीच शिवून दिलं, जरा सैल.

११ डिसेंबर

गल्लीत गटाराचं काम चाललंय, त्यात वायफायची वायर तोडून ठेवली. ह्यांचा क्रिकेटचा सामना गेला म्हणून हे घुश्शात. पोरं नेहमीच्या वेळी आली आणि पडवीत नुसतीच बसली. मग अक्षय महाडच्या कुठल्याशा मास्तरची नक्कल करायला लागला आणि प्रविण चक्क हसला. त्याच्या गालाला खळी पडते, हे मला आज कळलं.

जेवली मात्र बेताचं. भात अर्ध्याहून जास्त उरला. मटकी तशीच. मी म्हटलं, "बरं नाय का रे?" तर म्हणे, "नाय काकू, भरलं पोट."

भरलं? आठवड्यापूर्वी ह्याच पोटांत दोन पातेली मावत होती.

१३ डिसेंबर

आजही तेच, उद्या काय होणार देव जाणे. आज सुकटीची चटणी केली, खोबरं सढळ घातलं, तेलाचा तवंग येईल एवढं तेल घातलं. पातेलं पुन्हा उरलं. आत्याबाई म्हणाल्या, "आज बघ, कशी नीट जेवतायत पोरं." जखमेवर मीठ चोळायला कोणी ह्यांच्याकडून शिकावं!

संध्याकाळभर विचार केला. मसाला तोच, तांदूळ तोच, हात तोच. मग बिघडलं काय? आणि एकदम उजेड पडला. हौसा! "काय गो खातात तुझी पोरं" असं ती दारात उभी राहून म्हणाली होती. नजर लागली. माणसाला लागते तशी ती पातेल्याला का लागू नये?

मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि नव्या पातेल्यावरून, जुन्या पातेल्यावरून आणि शेगडीवरून ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. मला अजिबात ठसका आला नाही, म्हणजे नजर होतीच. ह्यांना आला, बराच वेळ. पण ह्यांना सिनेमातल्या सिगरेटनेही येतो, तो मी धरत नाही.

१६ डिसेंबर

उतरली! नजर उतरली! आज पातेलं साफ, भाकऱ्या दोनदा कराव्या लागल्या. सकाळी वायरवाला येऊन गेला, त्याची माणसं अंगणात चिखल करून गेली, पण आज कशाचाही राग आला नाही. पोरं पुन्हा "मागून, मागून" करत होती, घर पुन्हा घरासारखं झालं.

हौसाला आता जेवणाच्या वेळी दारात उभी करायची नाही.

२२ डिसेंबर

सुरभी रविवारची आली. माझी लेक, पेणला रामवाडीत मामाकडे राहून आहारशास्त्र शिकते. मामीने दोन्ही तऱ्हेचे पोह्यांचे पापड दिले होते, मिरीचे आणि लसणाचे. मी तिला मोठ्या कौतुकाने पोरांची जेवणं दाखवली. ती ताटांकडे बघेना. जेवणाआधी पोरांकडे बघत बसली, मॅच चालू असताना.

मग आजीचं बीपीचं यंत्र उचलून आणलं. आत्याबाई ओरडल्या, "अगो माझं मशीन बिघडवशील!" पण हिने अक्षयच्या दंडाला पट्टा बांधलासुद्धा. मॅच सुरू होण्याआधी एकदा, ऐन गोळीबारात एकदा. दुसऱ्या वेळी नाडीचा आकडा असा वर गेला की मला वाटलं, पोरगं जिना चढून आलंय. बसला होता भिंतीला टेकून!

"आई," सुरभी म्हणाली, "शरीराला कळत नाही की हे खोटं आहे. त्याला वाटतं, खरंच कोणी तरी मारायला आलंय. छाती धडधडते, बीपी चढतं, अंग ताणलेलं राहतं. मॅच संपली तरी ते लगेच उतरत नाही. मग हात खाण्याकडे जातो. ह्यावर अभ्यास झालेत. तासभर गेम खेळल्यावर काही पोरांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं. आणि भूक किती लागली विचारलं, तर म्हणे रोजच्याएवढीच. सगळ्यांचं असं होत नसेल. पण तुझ्या पडवीत होतंय."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या स्वयंपाकामुळे नाही खात?"

"स्वयंपाक चांगलाच असतो तुझा. पण रिकामं पातेलं हा काही त्याचा पुरावा नाही."

त्यात साईराज बोलला. हळू आवाजात म्हणाला की कंपनीच्या तपासणीत त्याचं बीपी वर दाखवलं, वजनही, आणि डॉक्टरने महिन्याने परत बोलावलंय. "मला वाटलं मशीन खराब आहे," म्हणाला. आत्याबाई म्हणाल्या, "मशीनी सगळ्या चांगल्या हायत रे बाबा."

मी उठून भांडी घासायला घेतली. सुरभीला स्टेशनवर सोडायला हेच गेले.

२४ डिसेंबर

दोन वर्षं शिकली की लागली आईच्या हाताची चव यंत्राने मोजायला! रागाने आज वरणात हिंग दोनदा पडला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वायर तुटली त्या दिवशी पातेलं उरलं. वायर जोडली त्या दिवशी संपलं. दृष्ट मी मधल्या मधे काढली.

२६ डिसेंबर

आज मी स्वतःच खेळून बघितलं. गोळीबार नाही जमत मला. ह्यांच्या फोनमध्ये रंगीत मणी जुळवायचा खेळ आहे, वर घड्याळ धावतं, वेळ संपायच्या आत जुळवले नाहीत तर हरलं. दुपारी पोटभर जेवून, सगळं आवरून बसले. म्हटलं, बघू तर, माझा हात कसा खाण्याकडे जातो ते. मी काय विशीतलं पोर आहे?

पहिल्यांदा सोपं गेलं. मग घड्याळ असं काही धावायला लागलं की दोन मण्यांसाठी माझा डाव जायचा. पुन्हा खेळले. पुन्हा गेला. पुन्हा. मी फोनला "मेल्या" म्हटलं, एवढं आठवतंय.

"काय गो, एकटीच चरतेस?" आत्याबाई दारात उभ्या होत्या.

मी खाली बघितलं. संध्याकाळसाठी तळून ठेवलेल्या पापडांचा डबा माझ्या मांडीवर, आणि तळाला नुसता चुरा. भूक? भूक कुठली, जेवणाचा ढेकर अजून वर होता. दात दुखत होते, इतका जबडा आवळून धरला होता. आणि मला हे आठवेना की मी मिरीचे पापड खाल्ले की लसणाचे. डबाभर खाल्ले आणि आठवेना! माझ्या माहेरचे पापड, डोळे बांधले तरी मी ओळखीन असे.

आत्याबाईंनी डबा हुंगला. "मिरीचे," म्हणाल्या.

मग मला रडूच कोसळलं. डब्यासाठी नाही. तीन पोरांचे महिनाभराचे घास असेच गेले असतील, हे कळलं म्हणून. त्यांनी माझं काहीच खाल्लेलं नाही. नुसतं संपवलंय.

२७ डिसेंबर

तरी खात्री करून घेतली. पोरं हात धुऊन आली तशी विचारलं, "आत्ता भाजी कुठली होती रे?"

अक्षय म्हणाला, "बटाटा." साईराज म्हणाला, "फ्लॉवर ना?" प्रविण आपलं खरकटं ताट बघायला गेला. ताटात शेवग्याच्या शेंगांचा चावलेला चोथा पडला होता. परत येऊन म्हणाला, "शेंगा."

मी हसले की रडले, नक्की सांगता येणार नाही. आत्याबाई हसल्या हे नक्की.

३० डिसेंबर

तीन दिवस विचार केला. वायफाय असंच चालू ठेवलं तर पातेलं रोज संपेल, हौसा रोज कौतुक करील, मी रोज मिरवीन. साईराजची बटणं तुटत राहतील. आणि माझ्या हाताला चव आहे का, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. पाण्यात दगड टाकावेत तसे माझे घास त्या पोरांच्या पोटात पडत राहतील.

आज नियम सांगितला. आधी जेवण, मग मॅच. जेवायच्या आधी फोन आडवा दिसला तर ताट वाढणार नाही.

अक्षय गयावया करायला लागला. "काकू, तोच तर टाइम असतो स्क्वाडचा! सगळे तेव्हाच ऑनलाइन येतात."

"मग जेवून मरा सगळ्यांनी मिळून."

प्रविण उठला. चपला घालताना म्हणाला, "मग मी बाजारपेठेतल्या मेसला जातो, काकू." त्याचं हे पहिलं लांब वाक्य, आणि ते हे असावं!

हे म्हणाले, "बघ हां, उरलेले दोघं पण जातील." मला माहीत आहे. छातीत धडधडतंय, आणि मी तर कुठलाच गेम खेळत नाहीये.

४ जानेवारी

दोघंच. मोठं पातेलं माळ्यावर ठेवलं. जुन्यातही उरतं. आत्याबाई म्हणतात, "उरतोय तर बरंच हाय. सकाळी फोडणीचा भात गावतो." त्यांचं बरंय.

साईराज आता सावकाश जेवतो, घास चावतो. मी आत कान देऊन उभी असते. कोणी काही बोलत नाही. "छान", "एक नंबर", "येतो काकू".

आज खूप भीती वाटली. आधी निदान गेमची आड होती. आता नजर नाही, वायर नाही, काही नाही. आता चव नसली तर नसलीच. ह्यांना विचारलं, "खरं सांगा, माझ्या हाताला चव आहे का?" हे म्हणाले, "मी कधी तक्रार केलीय का?" पंचवीस वर्षं संसार करून माणसाने हे उत्तर द्यावं!

९ जानेवारी

प्रविण परत आला. काही न सांगता येऊन ताटावर बसला. अक्षयने त्याला चिडवून घेतलं, मग मी विचारलं, "का रे बाबा, तिकडे टीव्ही आहे ना?"

"तिकडं पोळी देतात. तांदळाची भाकरी नाय," म्हणाला.

पोरगं परत आलं म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हा निकाल भाकरीचा झाला. माझा नाही. बांगडे केले होते, तिघांनी खाल्ले, उठून गेले.

११ जानेवारी

आज वालाचं बिरडं. मोड आलेले कडवे वाल, एक एक करून सोलायचे, अर्धा दिवस जातो. आत्याबाई न सांगता सूप ओढून माझ्यासमोर सोलायला बसल्या.

पोरं जेवायला बसली. अक्षयने दुसरा घास घेतला आणि थांबला. तोंडातल्या तोंडात काही तरी घोळवत राहिला. मी पळी घेऊन उभी होते, मला वाटलं खडा लागला.

"काकू, राग नाय ना येणार?"

"बोल."

"बिरड्यात गूळ जास्त झालाय."

आत्याबाईंनी खुर्चीतून मान पुढे काढली. माझ्या हातातली पळी तशीच.

साईराज म्हणाला, "काय पण बोलतो! कडू वाल आहेत, गोड नको का? मला तर हेच आवडलं."

"आमच्याकडं गूळ घालतच नाय," प्रविण म्हणाला. प्रविण! "पन ह्याचं आंबट एकदम बरोबर हाय."

"आंबट कुठं बरोबर?" खुर्चीतून आत्याबाई. "आणखी एक कोकम पायजे होतं."

"नाही हो आजी, कोकम बरोबर आहे," साईराज म्हणाला. "उलट परवाच्या बांगड्यात कमी पडलं होतं."

परवाच्या बांगड्यात! पोराला परवाचा बांगडा आठवत होता.

मग तिघांची जी जुंपली! गूळ घालावा की घालू नये, घातला तर आधी की नंतर, अक्षयची आई खोबरं भाजून घालते, साईराजच्या आईने जन्मात वाल बघितले नाहीत, प्रविणच्या घरी त्यात सुकट टाकतात. ताटात हात वाळले तरी कोणी उठेना. अक्षय आपलं सोडेना, "काही म्हणा, गूळ जास्तच झालाय." तशा आत्याबाई गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीतून उठल्या.

"ए महाडवाल्या! आमच्या रोहिणीच्या जेवणाला नावं ठेवायची ती मी. तू कोण रे?"

मी आत आले. ओट्याला धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदमच. बाहेर अजून भांडण चालू होतं. बिरड्यावरून. माझ्या बिरड्यावरून! एवढा आनंद मला रिकाम्या पातेल्यांनी कधी दिला नव्हता.

पदराने तोंड पुसलं, पातेल्यातलं उरलेलं बिरडं बोटावर घेतलं आणि सावकाश चाखलं. अक्षयचं बरोबर होतं. गूळ जास्त झाला होता.